भेट चमचमत्या किटची

वाढदिवस असो, बारसे असो की संक्रांतीचे वाण, हल्ली भेट म्हणून कलाकुसरीचे किट देण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. त्यातही मागणी चमचमत्या किटना. खड्यांची चित्रे, टिकल्यांचे तोरण, मण्यांचे दागिने, कुंदनची रांगोळी, आरशांचा कंदील असे कितीतरी प्रकार मिळतात. खोका देखणा असतो, किंमत आवाक्यातली असते आणि काहीतरी उपयोगी दिले याचे समाधानही मिळते. पण दिलेल्या किटपैकी पुरी किती होतात? कपाटाचा वरचा कप्पा उघडून पाहिला की उत्तर मिळते. अर्धे चिकटवलेले मोराचे पीस, गुंतलेला दोरा, सुकून दगड झालेला डिंक.

वाया गेलेल्या पैशांचे एक वेळ सोडून द्या. अर्धवट किट माणसाला गुपचूप एक गोष्ट सांगून जाते की, तुझ्या हाताला कलाच नाही. आठ वर्षांची मुलगी ते लगेच खरे मानते, आणि साठी उलटलेली बाई तर त्याहून लवकर मानते.

चंदिगढहून अंबाल्याच्या रस्त्याने निघाले की झिरकपूर मागे पडते, घग्गर नदीचा पूल येतो आणि मग डेराबस्सी. गाव पंजाबचे, पण औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे देशभरातली माणसे इथे येऊन राहिलेली आहेत. अशाच एका मराठी कुटुंबात सांगलीहून सासूबाई राहायला आल्या. यजमान गेल्यामुळे तिकडचे घर बंद झाले होते. इथे मुलगा सकाळी कारखान्यात, सून शाळेत, नातू अभ्यासाला. पंजाबी येत नाही, हिंदीही मोडकेतोडकेच. जानेवारीतले धुके तर दुपारपर्यंत खिडकीबाहेर पडदा धरून असते. आयुष्यभर ज्या हातांना क्षणाची उसंत नव्हती, ते हात मांडीवर घेऊन त्या बसून राहत.

सुनेला ते पाहवेना. तिने हौसेने खड्यांच्या चित्राचे, म्हणजे डायमंड पेंटिंगचे मोठे किट मागवले. राधाकृष्णाचे चित्र, 30 बाय 40 सेंटीमीटरचे. सासूबाईंनी दोन दिवस चिमट्याने खडे उचलले आणि तिसऱ्या दिवशी खोका बंद केला.

"अगं, माझे डोळे आता या कामाचे राहिले नाहीत," त्या म्हणाल्या.

डोळ्यांचा दोष थोडा असेलही. पण खरा दोष हिशेबाचा होता आणि तो किट घेण्यापूर्वी कागदावर करता येतो. अशा चित्रातला चौकोनी खडा साधारण अडीच मिलीमीटरचा असतो. चित्राचा भाग 30 बाय 40 सेंटीमीटर असेल तर आडवे 120 आणि उभे 160, म्हणजे एकूण 19,200 खडे झाले. एकेक खडा बसवायला तीन सेकंद धरले तरी 16 तास लागतात, तेही रंग निवडणे, सांडलेले वेचणे, वाकडे सरळ करणे सोडून. नवशिक्या माणसासाठी हा विरंगुळा राहत नाही, शिक्षा होते. हेच चित्र 20 बाय 20 सेंटीमीटरचे घेतले तर खडे 6,400 होतात. आणि चहाच्या पेल्याखाली ठेवायची तबकडी किंवा किल्ल्यांची साखळी घेतली तर काही शे खड्यांत काम होते. पहिली भेट म्हणून तबकडीच बरी. ती दोन-तीन दुपारींत संपते, तिच्यावर पेला ठेवता येतो आणि आल्यागेल्याला दाखवता येते.

खोक्यावर लिहिलेले आणखी काही शब्द नीट वाचायला हवेत. लिहिलेले माप पुष्कळदा पूर्ण कापडाचे असते, चित्र त्याहून लहान निघते. चौकोनी खडे एकमेकांना खेटून बसवावे लागतात, जरा तिरका गेला की पुढची रांग बिघडते. गोल खडे चूक पोटात घालतात, म्हणून सुरुवातीला गोलच घ्यावेत. काही किटमध्ये पूर्ण चित्र खड्यांचे असते, तर काहींत फक्त दागिने, मुकुट, पिसारा एवढेच खड्यांचे आणि बाकी चित्र छापील असते. दुसरा प्रकार स्वस्तातला समजून बाजूला सारू नये. काम कमी आणि झळाळी पुरेशी, म्हणून नवशिक्यांना तोच मानवतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. चिकट कापडावरचा कागद एकदम सगळा काढायचा नाही, हाताएवढाच भाग उघडायचा. एप्रिलमध्ये गव्हाची कापणी सुरू झाली की डेराबस्सीच्या आसपास हवेत इतकी धूळ असते की उघडे कापड संध्याकाळपर्यंत निकामी होते. थंडीत उलटा त्रास. खडा उचलायच्या पेनातले मेण कडक होते. ते बोटांत चोळून मऊ केले की पुन्हा काम देते.

सासूबाईंचा हात चालू झाला तो मात्र वेगळ्याच वस्तूमुळे. पंजाबात 13 जानेवारीला लोहडी असते. नव्या सुनेची आणि नव्या बाळाची पहिली लोहडी थाटात होते. शेजारच्या घरी त्या वर्षी नातू झाला होता. आपल्याकडेही संक्रांतीला नव्या नवरीला हलव्याचे दागिने घालतात, लहानग्याचे बोरन्हाण करतात. सासूबाईंना ते आठवले. त्यांनी सुनेकडून पुठ्ठा, सोनेरी बेगड, जर आणि पांढरा दोरा मागवला, हलवा सांगलीहून आला, आणि चार दुपारींत बाळाचा मुकुट, बाजूबंद आणि बासरी तयार झाली. तेच डोळे आणि तेच हात.

शेजारीणबाई मुकुट हातात घेऊन पाहतच राहिल्या. "आंटीजी, ये हमें भी सिखाओ ना!"

मग घरात बायका जमू लागल्या. भाषेची अडचण बरीचशी बोटांनीच सोडवली. त्यातल्या एकीने बदल्यात फुलकारी दाखवली. 2006 पर्यंत डेराबस्सी पतियाळा जिल्ह्यात होते आणि पतियाळा म्हणजे फुलकारीचे माहेरघर. तिथल्याच लाजवंती यांना या कलेसाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. फुलकारीत खडा नाही, चमकी नाही, तरी ती चकाकते. पीळ नसलेला रेशमी धागा जाड्याभरड्या खद्दरवर उलट्या बाजूने, विणीचे धागे मोजत घातला जातो. काही टाके आडवे आणि काही उभे. एकाच रंगाच्या धाग्यावर उजेड दोन तऱ्हांनी पडतो आणि दोन छटा दिसतात. नव्या किटमध्ये रेशमाऐवजी बहुधा कृत्रिम धागा असतो, शिकायला तो चालतो. फक्त कापडाची वीण डोळ्यांना सहज मोजता येईल इतकी जाड आहे ना, हे पाहावे. वीण बारीक असेल तर किट कितीही सुंदर असले तरी ते कपाटातच जाणार.

यातून निवडीचा पहिला प्रश्न सापडतो. खोक्यात काय आहे हे नंतर, आधी घेणाऱ्याच्या हाताला काय ठाऊक आहे? जिने आयुष्यभर स्वेटर विणले तिला मण्यांचे ओवकाम सोपे जाते. जी रोज रांगोळी काढते तिला कुंदनची रांगोळी जमते. जिचा हात थरथरतो तिला मोठे मणी आणि मोठ्या नेढ्याची सुई द्यावी. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्याला अर्ध्या तासात संपणारे काहीतरी हवे. आणि हो, मुलग्यांनाही चमचमते आवडते. "हे मुलींचे" म्हणून त्यांच्या हातून किट काढून घेऊ नये.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र आवडीआधी धोका पाहायला हवा. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे बंधनकारक आहे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या किटवर ते शोधावे. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर सुटे मणी आणि खडे नकोतच, कारण मोठ्या ताईची भेट धाकट्याच्या घशात अडकायला वेळ लागत नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या किटमध्ये बटणाएवढी बॅटरी असते. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. तिचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते किट दुकानातच ठेवावे. झटपट चिकटणारा डिंक बोटे चिकटवतो, गरम डिंकाची बंदूक भाजते. मुलांना साधा पांढरा डिंकच बरा. थंडीत तो उशिरा सुकतो एवढेच.

आणि सुटी चमकी? ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची कापून केलेली असते. गालिच्यातून, केसांतून, वरणातून महिनाभर निघत राहते आणि शेवटी पाण्यात जाते. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री बंद केली आहे. आपण निदान ट्यूबमधली, डिंकात मिसळलेली चमकी घ्यावी. पाकिटावर "बिनविषारी" लिहिले आहे म्हणून ती केकवर मात्र टाकू नये. बिनविषारी म्हणजे खाण्याजोगी नव्हे.

तयार खोकाच द्यायला हवा असेही नाही. चंदिगढच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्यांचे थवेच्या थवे उभे केले. 1976 मध्ये खुली झालेली ती बाग आजही लोक पाहायला जातात. सेक्टर 22 च्या शास्त्री मार्केटमध्ये किंवा पुण्याच्या तुळशीबागेत एक चक्कर मारून टिकल्या, जर, दोरा आणि सुया सुट्या घेतल्या, एका डब्यात भरल्या, तर विकतच्या किटपेक्षा ते पुष्कळदा स्वस्त पडते आणि माणूस पाहून निवडता येते. अशा डब्यात आपण स्वतः केलेला एक छोटा नमुना जरूर ठेवावा, थोडा वाकडातिकडा असला तरी. छापील चित्रातले फूल पाहून नवशिका घाबरतो, वाकडे फूल पाहून त्याला धीर येतो.

जादा सुई, जादा दोरा आणि शक्य असेल तर सोबत बसायला अर्धा तास, एवढे भेटीत धरावे. दोरा ओवायचे साधन चाळिशीपुढच्या प्रत्येकीच्या डब्यात हवेच. आणि किटचे बिल जपून ठेवावे. बंद पाकिटात एखादा रंग कमी निघाला की बदलून घेताना पहिल्यांदा तेच मागतात.