तोच राखाडी द्या!

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'ग्रे' एकच होता. स्कर्ट ग्रे, मोजे ग्रे, स्वेटर ग्रे. पण सकाळी असेंब्लीला रांगेत उभं राहिलं की एकीचा स्कर्ट निळसर, दुसरीचा मातकट आणि थोरल्या बहिणीचा घालून आलेलीचा तर जवळजवळ पांढरा! मराठीत मात्र या रंगाला भरपूर शब्द आहेत, हे मला आष्ट्याला आल्यावर, म्हणजे शनिवार-रविवार सांगलीला आजीकडे जायला लागल्यावर कळलं. राखाडी, करडा, धुरकट, आणि आजीच्या ठेवणीतल्या साडीचा पारवा. (आमच्या रेक्टर मॅडमची नजर असते ती करडी. मॅडम, हलके घ्या!)

गेल्या दिवाळीआधी आजीच्या हॉलला रंग द्यायचा ठरलं. ठरलं म्हणजे अर्धवट ठरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट! आजीच्या हॉलमध्ये तेव्हा छातीपर्यंत पाणी होतं. पाणी उतरलं तसे खालचे पोपडे सुटले, भिंत खरवडली आणि ओल जाईपर्यंत म्हणून नुसता पांढरा हात मारून ठेवला. तो 'तात्पुरता' पांढरा तसाच राहिला. खाली पांढरं, वर राखाडी, मधे पुराची रेघ. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या रेघेकडे बघायचा आणि मग "किती आलं होतं हो पाणी?" हा प्रश्न ठरलेला.

मामाचं म्हणणं सरळ होतं, सगळा हॉल एकाच नव्या रंगात करून टाकू. आजी म्हणाली, "वरचं राहू दे. ते ह्यांनी दिलंय."

आजोबांनी रिटायर झाल्यावर २०१७ च्या दिवाळीत तो हॉल स्वतः रंगवला होता. घोडा लावून, हातात ब्रश घेऊन, आठ दिवस. पूर आला तेव्हा ते नव्हते, वर्षभर आधीच गेले. त्यामुळे वरचं पुसायचं नाही आणि खालचं वरच्याशी जुळवायचं, एवढंच काम उरलं. 'एवढंच' म्हणायला सोपं!

रंगाचा जुना डबा खालच्या कपाटात होता, तो पुरातच गेला. आजीला फक्त कंपनीचं नाव आठवत होतं. त्या कंपनीच्या नव्या शेड कार्डात तसा राखाडी सापडेना, आणि पेंटरचा नेहमीचा दुकानदार वेगळ्याच कंपनीचा माल ठेवणारा. मामा दुकानात जाऊन म्हणाला, "तोच राखाडी द्या." दुकानदाराने निरनिराळे अकरा राखाडी काढून ठेवले.

मित्रांनो, आपल्याला लॅबमध्ये असला त्रास कधी होत नाही. इलेक्ट्रिकल पॅनेलचा रंग ऑर्डर करताना नुसता नंबर टाकायचा. जर्मनीत १९२७ साली ४० रंगांपासून सुरू झालेल्या 'राल' पद्धतीत ७०३२ म्हणजे पेबल ग्रे, ७०३५ म्हणजे लाइट ग्रे. आपल्याकडे आय.एस. ५ मध्ये ६३१ नंबरचा लाइट ग्रे. रंग कोणत्याही कंपनीकडून घ्या, नंबर तोच. घरच्या भिंतींना मात्र हा न्याय नाही. शालिमार १९०२ पासून, एशियन पेंट्स १९४२ पासून (आर. के. लक्ष्मण यांचा गट्टू १९५४ चा, आणि आता तर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात खंडाळ्याला त्यांचा कारखानाही आहे), तरी प्रत्येक कंपनीचं कार्ड वेगळं, नावं वेगळी, कोड वेगळे. एकीचा 'धुक्याचा' राखाडी दुसरीकडे 'चांदीचा' होतो.

आणि नुसतं नावच वेगळं असतं असं नाही. दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्याचे थेंब सोडतं, काळा, पिवळा, तांबडा, निळा, मिलिलिटरच्या हिशोबाने. प्रत्येक कंपनीचा बेस सारखा पांढरा नसतो, टायटॅनियम डायऑक्साइड कमी-जास्त असतो, काळ्याची ताकदही वेगळी. म्हणून एका कंपनीचा फॉर्म्युला दुसरीच्या बेसमध्ये टाकला तर उत्तर चुकतं. लाल किंवा हिरव्या रंगात असला फरक खपून जातो. राखाडीत नाही. राखाडीला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे चिमूटभर निळा किंवा पिवळा जास्त झाला की लगेच चुगली होते.

मामाने डोकं लढवून स्विचबोर्डच्या मागचा जुना रंग काढून आणला. पेंटरने तो बाजूला ठेवला. म्हणाला, "ह्यो उन्हात न बसलेला रंग हाय. भिंतीवरचा आठ वर्षं बसलाय. जुळवायचं कुणाशी?" बरोबर! मग त्याने रेघेच्या अगदी वरचा, रुपयाहून थोडा मोठा पोपडा ब्लेडने उचलला. सांगलीतल्या एका दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. पोपड्यावर यंत्र टेकवलं की तो रंग तीन आकड्यांत सांगतं: उजेड किती, लाल-हिरव्यापैकी कुठे, पिवळ्या-निळ्यापैकी कुठे. ही तीन आकड्यांची पद्धत १९७६ ची. दोन रंगांतलं अंतर डेल्टा ई मध्ये मोजतात, आणि ते साधारण एकाच्या खाली आलं की आपल्या डोळ्याला फरक कळणं कठीण.

यंत्राने दिलेला रंग पेंटरने भिंतीवर लावलाच नाही. आधी पुठ्ठ्यावर दोन हात मारले आणि रात्रभर वाळत ठेवला. "ओला रंग खोटं बोलतोय," असं त्याचं म्हणणं. खरंच आहे ते, इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळलं की गडद होतं. मग त्याने पुठ्ठ्याची पांढरी कड कात्रीने कापून टाकली. का, विचारलं तर म्हणाला, "पांढरं शेजारी असलं की शेजारचं काळं वाटतंय." हेच फ्रान्समध्ये शेव्रल नावाच्या केमिस्टने १८३९ च्या पुस्तकात सांगितलं आहे! तो गोबेलँच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रार आली, त्याने तपासलं तर धागा उत्तम. शेजारच्या रंगांमुळे तो फिका दिसत होता. आमच्या पेंटरने शेव्रल वाचलेला नाही, पण कात्री त्याच्या खिशात असते.

सकाळच्या उजेडात पुठ्ठा भिंतीवर धरला, तर दिसेना! मामाने डबा उघडायला घेतला. पेंटर म्हणाला, "रात्री बघू." संध्याकाळी ट्यूबलाइट लागली आणि पुठ्ठा चक्क हिरवट झाला. याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन्ही राखाडी वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. एका उजेडात ते डोळ्याला सारखेच दिसतात, उजेड बदलला की नाही. आजी म्हणाली, "हॉलमध्ये आम्ही बसतो रात्रीच की." मग पेंटरने स्टेनरच्या बाटल्या काढल्या. हिरवटपणा मारायला तांबड्याचे थेंब, मग काळ्याचा एक. चमकही नडत होती, म्हणून बेस बदलून अगदी मॅट घेतला. तिसरा पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री, तिन्ही वेळेला पास झाला. मशीनने दिलेल्या आकड्यांवर हा माणूस डोळ्याने सही करतो, आणि रोजंदारीवर! आपल्या कोणत्याच विषयाच्या प्रॅक्टिकलला एवढा धीर कुणी धरत नाही.

जोडावर त्याने पट्टी लावून सरळ रेघ मारली नाही, कारण सरळ रेघ डोळ्याला लगेच सापडते. अर्धवट कोरड्या रोलरने रंग वरच्या रंगात विरवत नेला. लहान भिंतींवर तो कोपऱ्यापर्यंत नेऊन थांबवला, म्हणजे जोड कोपऱ्यात लपला. सोफ्याच्या मागच्या लांब भिंतीवर ती सोय नव्हती.

आता पाहुणे पाण्याचं विचारत नाहीत. फक्त दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं की त्या लांब भिंतीवर काहीतरी दिसतं. रंग जुळलाय, पण वर ब्रशच्या उभ्या रेषा आहेत आणि खाली रोलरची गुळगुळीत पोत. मामा म्हणाला, वरूनही एकदा रोलर फिरवून घेऊ. आजी उठून भिंतीजवळ गेली, वरच्या रेषांवरून हात फिरवला आणि चहाला किती जण आहेत ते विचारलं.

उरलेला पाऊण लिटर रंग घट्ट झाकण लावून ठेवला आहे. डब्यावर मी कंपनीचं नाव, बेस, मशीनचा फॉर्म्युला, तारीख आणि 'वरून तांबडा ६ थेंब, काळा १' असं मार्करने लिहिलंय. डबा मी कपाटात ठेवत होते. आजीने तो माळ्यावर ठेवायला लावला.