कळसूबाई थोडक्यात राहिली

भूगोलाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत : महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. गेल्या वर्षी एका मुलीने सहज विचारले, "मिस, आपने देखा है?" पाहिले नव्हते. तो प्रश्न स्टाफरूममध्ये आला आणि तिथेच ठरले की डिसेंबरच्या सुट्टीत एक दिवस काढायचा. लग्नकार्य, पाहुणे, पेपर तपासणी, सगळे त्या दिवसापुरते बाजूला.

आम्ही तिघी भिवंडीच्या एका उर्दू शाळेत शिकवतो. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, त्यांना सगळी शाळा आपा म्हणते. सोबत आमच्या दोन मुली, एक आठवीतली, एक सहावीतली. गाडी चालवायला एकीचे थोरले भाऊ, आम्हा सर्वांचे भाईजान.

निघण्याच्या दिवशी आम्ही तिघीही रात्री तीनला उठलो होतो. डब्यासाठी पराठे, शामी कबाब, अंडी. शिवाय घरी राहणाऱ्यांसाठी दुपारचा सालन-भात. घर सोडून दिवसभर बाहेर जायचे तर मागची सोय लावूनच जायचे, ही आपल्या घरांची रीत. झोप जेमतेम तीन तास झाली असेल. फजरची नमाज पढून सव्वासहाला गाडी सुटली.

आणि निघताना आम्ही आणखी एक गोष्ट केली. ती इतक्या वर्षांच्या सवयीची होती की केली असेही वाटले नाही. आम्ही पाणी प्यायलो नाही. चहासुद्धा अर्धा कप. गाडीत बसताना मुलींनाही सांगितले, "घोट-घोटच प्या, रस्त्यात सोय नसते." वाचक भगिनींना यापुढे काही सांगायची गरज नाही. बस असो, रेल्वे असो, वऱ्हाडाची गाडी असो, प्रवासाच्या दिवशी बाईमाणसाने तहान मारायची हे आपण आपल्या आयांकडून शिकलो. पुरुषमंडळी कुठेही उतरतात. आपल्याला जागा शोधावी लागते, विचारावे लागते, बुरखा सावरावा लागतो, आणि गाडीतले सगळे आपल्यासाठी खोळंबले याची लाज वाटते. त्यापेक्षा न प्यायलेले बरे.

कसारा घाट चढताना धुके होते. इगतपुरी गेली, घोटीला महामार्ग सोडून गाडी भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरे आणि त्यांच्या मागे सह्याद्रीची ती काळी, सरळ उभी भिंत. घोटीला एका पेट्रोल पंपावर भाईजान म्हणाले, "कुणाला उतरायचे आहे का?" आम्ही तिघींनी एका सुरात नाही म्हटले. मुलींनी आमच्याकडे पाहिले आणि त्याही नाही म्हणाल्या.

अकोले तालुक्यातले बारी हे पायथ्याचे गाव. पोहोचायला साडेनऊ वाजले. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. अंगणात कोंबड्या, ओट्यावर वाळत घातलेले धान्य, आणि जवळजवळ प्रत्येक घरापुढे 'जेवणाची सोय होईल' असा फलक. इथून माथ्यापर्यंत चढ आठशे-नऊशे मीटरचा, सवयीच्या माणसालाही तीन तास, आपल्यासारख्यांना चार. दहा वाजता आम्ही चालू लागलो.

पहिला तासभर फार आनंदाचा होता. वाट शेतांतून जाते, ओढा ओलांडते, मग झाडीतून चढू लागते. हवा गार होती. मुली पुढे पळत होत्या. आमचे सगळ्यांचे लक्ष आपांवर होते, कारण त्यांना बीपीची गोळी चालू आहे. दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारायचे, "आपा, ठीक आहात ना?" आपा हसून सांगायच्या, "अजून बोलता येतंय, म्हणजे ठीक आहे." त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हीच खूण सांगितली होती : चढताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करायचा. थांबल्यावर चार-पाच मिनिटांतही धडधड उतरली नाही तर आणखी थांबायचे. आपा तसेच करत होत्या. मुंगीच्या पावलाने, पण न दमता.

आमचे दोघींचे तसे नव्हते. कपाळाच्या मागे एक बारीक ठणका गाडीतच सुरू झाला होता. झोप कमी झाली म्हणून, असे आम्ही मनाशी म्हटले. ओठ कोरडे होते, ते थंडीमुळे. एकीला पोटात जड वाटत होते, ते पराठ्यांमुळे. दुसरीची मुलीवर उगाच चिडचिड झाली, ती उन्हामुळे. प्रत्येक तक्रारीला आमच्याकडे उत्तर तयार होते. थंडीच्या दिवसांत तहान नीटशी लागत नाही, वाऱ्याने घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातले पाणी कमी होत चालले आहे हे कळतच नाही. शरीरावर ताण आला की हृदय जोरात धावते, रक्त स्नायूंकडे वळते आणि पोटाचे काम मंदावते. म्हणूनच चढावर नाश्ता जड वाटतो. विज्ञानाच्या पुस्तकातले हे सगळे आम्ही मुलांना शिकवतो. स्वतःच्या अंगात ते घडत असताना मात्र ओळखले नाही.

बाराच्या सुमाराला पहिली लोखंडी शिडी आली. कड्याला टेकवून उभी केलेली, दोन्ही बाजूंना कठडे. पूर्वी इथे दगडात हात-पाय रोवून चढावे लागे. नवरात्रात परिसरातल्या बायका माथ्यावरच्या देवीच्या दर्शनाला याच वाटेने जातात, कित्येक जणी अनवाणी. शिडी चढून वर आलो तेव्हा खाली बारीची घरे काडेपेट्यांसारखी दिसत होती आणि लांबवर भंडारदऱ्याच्या जलाशयाचे पाणी चमकत होते. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेले प्रवरेचे ते पाणी पाहून थकवा गेला असे वाटले. फोटो काढले.

फोटोत सहावीतली मुलगी हसत नव्हती. तेही आम्हाला नंतर घरी आल्यावर दिसले.

शिडीच्या पुढे थोड्या सपाटीवर एक बाई लिंबूपाणी विकत बसल्या होत्या. दगडांच्या चुलीवर भज्यांची कढई, वर ताडपत्री. आम्ही थांबलो नाही, जोहरच्या आधी माथा गाठायचा होता. पण त्या बाईंनीच हाक मारली.

"ताई, त्या बारक्या पोरीचं तोंड पाहिलं का? पांढरं पडलंय. मघाधरनं बोलंना झालीय ती."

आम्ही वळून पाहिले. खरोखरच, पहाटेपासून अखंड बडबडणारी ही मुलगी गेला अर्धा तास गप्प होती आणि आम्हाला ती शहाण्यासारखी चालते आहे असे वाटले होते. ओठांना पापुद्रे आले होते. हात धरला तर गार. "काय होतंय, बेटा?" "कुछ नहीं." पुन्हा विचारले. मग तिचे डोळे भरले. डोके दुखत होते, मळमळत होते, पोटरीत गोळे येत होते, आणि सकाळपासून लघवीला झालेच नव्हते.

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने आईकडे पाहिले. "अम्मी, तुम भी तो नहीं बोलतीं."

या वाक्यावर आम्ही तिघी काहीच बोललो नाही. काय बोलणार? घोटीला एका सुरात नाही म्हणणाऱ्या आम्हीच होतो.

त्या ताईंनी मुलीला ताडपत्रीच्या सावलीत बसवले, बूट काढायला लावले आणि लिंबूपाण्यात जास्त मीठ-साखर घालून दिले. "गटागटा नको, बाय. एक घोट, मंग दम, मंग एक घोट." उलटीची भावना असताना हेच बरोबर असते. एकदम पोटभर पाणी प्यायले तर ते बाहेर येते. मग त्यांनी आम्हालाही एकेक ग्लास दिला आणि पहिला घोट घेतल्यावर आम्हाला समजले की आम्हाला किती तहान लागली होती.

अर्ध्या तासाने मुलीच्या गालावर रंग आला. आठवीतली म्हणाली, "आता जाऊ या ना वर." माथा समोर दिसत होता. वरचे छोटे देऊळ, त्याच्याजवळ मुंग्यांएवढी माणसे. आणखी तासभराची वाट. भाईजानही म्हणाले की ते मुलीला धरून नेतील, इतक्या लांब आलो आहोत. खरे सांगायचे तर आमच्या दोघींच्या मनातही तेच होते. फळ्यावर इतकी वर्षे लिहिलेला आकडा तासाभरावर होता, आणि शाळेत जाऊन काय सांगणार हा विचारही होता.

निर्णय आपांनी घेतला. म्हणाल्या, "चढून जाणं म्हणजे निम्मा रस्ता. उतरायचंही हिलाच आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "मुसाफिराला नमाज कसर करायची मुभा आहे, आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजा नंतर ठेवायची मुभा आहे. फर्ज गोष्टीत अल्लाहने इतकी सवलत दिली, आणि आपण एका डोंगरासाठी या लेकराला सवलत देणार नाही?"

आम्ही तिथेच जोहर अदा केली. पाण्याच्या बाटल्यांतले पाणी मुलीसाठी राखून तयम्मुम करावे का असा प्रश्न निघाला, पण ताईंनी आपल्या हंड्यातले दोन तांबे पुढे केले. पैसे विचारले तर लिंबूपाण्याचेच घेतले. मग आम्ही उतरू लागलो. मधून मधून बसत, घोट-घोट पीत. चढताना श्वासाची परीक्षा होते तशी उतरताना गुडघ्यांची. पाय थरथरायला लागले की थांबायचे, कारण थरथरत्या पायानेच घसरायला होते. बारीत पोहोचल्यावर ज्या घरी गाडी लावली होती त्या घरच्या बाईंना आम्ही सर्वांत आधी काय विचारले ते सांगायला नको. त्यांनी हसून अंगणामागचे दार दाखवले. "सकाळीच इचारायचं ना, ताई," म्हणाल्या. सकाळी फक्त विचारायचे होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी ठणठणीत होती, अल्हमदुलिल्लाह. पण त्या दिवसानंतर आम्ही तिघींनी आपसांत काही गोष्टी ठरवल्या. त्या सहलीला जाणाऱ्या कुठल्याही घराच्या उपयोगाच्या आहेत म्हणून इथे लिहितो.

आदल्या रात्रीची झोप हा सामानाचाच भाग समजायचा. डबा साधा चालेल. पाणी प्यायचे आणि गाडी दर दीड-दोन तासांनी थांबवायची, कुणी मागितले नाही तरी. "कुणाला उतरायचे आहे का?" असे न विचारता "आता सगळेच उतरू या" म्हणायचे, म्हणजे कुणा एकीला संकोच नको. लघवीचा रंग गडद झाला किंवा कित्येक तास झालीच नाही तर अंगात पाणी कमी आहे हे ओळखायचे. बरोबर क्षारपावडरीची पाकिटे ठेवायची. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बडबडे मूल गप्प झाले, किंवा शांत माणूस चिडू लागला, की आधी बसवायचे, मग कारण शोधायचे. आणि छातीत दाब, जबडा-खांदा-हात-पाठ यांत पसरणारी कळ, बसूनही न थांबणारी धाप किंवा थंड घाम आला तर ते 'ॲसिडिटी' समजून पुढे जायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. बायकांमध्ये हृदयाचा त्रास नुसत्या विलक्षण थकव्याने किंवा मळमळीनेही सुरू होऊ शकतो.

कळसूबाईवर हवा काही विरळ नसते, तिथली धाप आपल्या सवयीची. पण लेहसारख्या साडेतीन हजार मीटरवरच्या गावी विमानाने जाणाऱ्यांनी पहिले एक-दोन दिवस केवळ विश्रांती घ्यावी. तिथे डोकेदुखी-मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नये, वाढली तर खाली उतरावे.

शाळा उघडल्यावर ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला आम्ही खरे ते सांगितले : पाहिले, पण माथ्यावर गेलो नाही. का, तेही सांगितले. वर्गात हशा झाला नाही. उलट मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली की ती शाळेतही पाणी पीत नाही. मग आणखी हात वर झाले. त्या दिवशी शाळा सुटताना आम्ही मुलींच्या पाण्याच्या बाटल्या उचलून पाहिल्या. सकाळी भरलेल्या, बहुतेक तशाच भरलेल्या. स्वच्छतागृहाच्या कडीचा आणि पाण्याच्या नळाचा विषय आम्ही पुढच्या बैठकीत मांडला. कडी बसली आहे, नळाचा पाठपुरावा चालू आहे. रोज दुपारी तिसऱ्या तासाला आम्ही स्वतः वर्गासमोर पाणी पितो आणि मुलींनाही प्यायला लावतो.

कळसूबाई थोडक्यात राहिली आहे. पुढच्या डिसेंबरात, इन्शाअल्लाह, पुन्हा जायचे आहे. सहावीतली आता सातवीत गेली आहे आणि ती यायला तयार आहे. भाईजानना आत्ताच सांगून ठेवले आहे की गाडी वाटेत तीनदा थांबेल.