डोकं कुणाचं, धड कुणाचं?

सध्या वेताळ पंचविशी वाचतेय. लहानपणी 'चांदोबा'त आणि पुढे १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल'मध्ये भेटलेलाच हा राजा. पण यावेळी सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तल्या, म्हणजे अकराव्या शतकातल्या काश्मीरमधल्या, या गोष्टी सलग वाचल्या. लहानपणी वेताळाची भीती वाटायची, आता राजाची वाटते! प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर तयार. अर्थात त्याचाही नाइलाजच. माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शंभर शकलं आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर...

त्यातली सहावी गोष्ट काही डोक्यातून जात नाही. मदनसुंदरीचा नवरा देवीच्या देवळात स्वतःचं डोकं उडवतो. त्याला शोधायला गेलेला तिचा भाऊही तेच करतो. तीही जीव द्यायला निघते, तेव्हा देवी प्रसन्न होऊन म्हणते, डोकी धडांना जोड, दोघंही उठतील. आणि घाईघाईत डोक्यांची अदलाबदल होते. आता नवरा कोणता?

हाच धागा घेऊन टोमास मान यांनी १९४० मध्ये कादंबरी लिहिली आणि गिरीश कर्नाडांनी 'हयवदन' हे नाटक. दोघांनीही भावाच्या जागी मित्र आणला. मला मात्र मूळ गोष्टच जास्त अंगावर येते. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सख्खा भाऊ. चूक करायला जागाच नाही.

राजा क्षणात सांगतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा. कारण सगळ्या अवयवांत डोकं मुख्य, आणि माणसाची ओळख त्यावरूनच पटते.

ओळख! या शब्दापाशी मी पुस्तक मिटलं.

माझी आई गेली दोन वर्षं मला ओळखत नाही. मला 'अहो बाई' म्हणते, चहा घेऊन जा म्हणते. पण हातात कापूस दिला की तिची बोटं फुलवाती वळायला लागतात, अगदी पूर्वीसारख्या, एकसारख्या. तिच्याजवळ बसलं की तिचा हात आपोआप माझ्या पाठीवर येतो, फिरत राहतो. तो हात मला ओळखतो की नाही? राजाच्या हिशेबाने नाहीच. नातेवाईकही आडून तेच सुचवतात, "आता त्यांना कुठे काय कळतंय!" म्हणजे मी रोज जिची वेणी घालते ती कोण?

पुढे चोविसावी गोष्ट येते. बाप मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा त्याच मुलीच्या आईशी. मग त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? इथे मात्र राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प राहून चालत राहतो. आणि गंमत म्हणजे तेव्हाच वेताळ त्याच्यावर खूश होतो, त्याला कपटी योग्यापासून सावध करतो. तेवीस उत्तरांनी झालं नाही ते त्या एका गप्प बसण्याने झालं.

मला वाटतं, राजाने सहाव्या गोष्टीलाच गप्प बसायला हवं होतं. तुम्हाला काय वाटतं?