पखालजीचा आकडा

‘एज ऑफ एम्पायर्स टू’मधला नाइट आणि पाइकमन समोरासमोर सोडले तर कोण जिंकेल? माझ्या दुकानात येणारी पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. वारंगा फाट्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. संध्याकाळी गर्दी ओसरली की त्याच कॉम्प्युटरवर मी या खेळाचे सिनॅरिओ बनवतो. नकाशा मांडायचा, नद्या काढायच्या, दोन्हीकडच्या फौजा ठरवायच्या, आणि कुठल्या शिपायात किती बळ भरायचं तेही ठरवायचं. पोरांना वाटतं, भाला हा घोड्याचा काळ, तेव्हा पाइकमनच जिंकणार.

हिशेब असा. नाइटचे एचपी, म्हणजे जीव, १००, वार १०, चिलखत २, आणि दर १.८ सेकंदाला एक वार. पाइकमनचे एचपी ५५, वार ४, पण घोडेस्वारावर २२ जादा. चिलखताचे २ वजा जाता त्याचा एक वार २४ चा पडतो, फक्त तो ३ सेकंदांतून एकदा. पाइकमनला पाडायला नाइटला ६ वार लागतात, म्हणजे पहिल्या वारापासून ९ सेकंद. तेवढ्या वेळात पाइकमनचे फार तर ४ वार बसतात, एकूण ९६. लोहाराकडची कुठलीही सुधारणा केलेली नसेल तर ४ एचपी राखून नाइट उभा राहतो.

पोरं हिरमुसतात. मग मी किंमत दाखवतो. नाइटला ६० धान्य आणि ७५ सोनं लागतं. पाइकमनला ३५ धान्य, २५ लाकूड, सोनं काहीच नाही. एका नाइटच्या खर्चात दोन पाइकमन येऊन वर १५ उरतात. ते दोघं एकदम भिडले तर सहाव्या सेकंदाला नाइट आडवा होतो आणि दोघंही जिवंत राहतात. एकाला ४० चा फटका, दुसऱ्याला ओरखडाही नाही. त्यात खेळातल्या सोन्याच्या खाणी संपतात, डाव लांबला की नाइट काढणं परवडेनासं होतं. म्हणून दोन पथकांची तुलना करताना मी आधी खर्च बघतो, मग वेग, मग जमीन. एकास एक झुंज सगळ्यात शेवटी.

आता मराठ्यांचं. २००९ साली आलेल्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठे घेऊन १७०० सालापासून मोहीम खेळता येते. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’मध्ये २०२२ साली हिंदुस्तानी, बंगाली, द्राविड आणि गुर्जर आले, पण मराठे नाहीत. ज्याला मराठे हवेत त्यानं ते एडिटरमध्ये स्वतः घडवावेत. आणि घडवायला बसलं की हात शिवशिवतात: बारगिराला, म्हणजे मराठा घोडेस्वाराला, नाइटचा वार देऊ, चिलखत देऊ, वर भाल्याचे जादा गुणही देऊ. मला हे पटत नाही. असा बारगीर जिंकतो खरा, पण त्या जिंकण्यात बाजीरावाचं काहीच उरत नाही.

पालखेडचा सिनॅरिओ करताना मी हे फार मनावर घेतलं. १७२७–२८ च्या निजामाविरुद्धच्या त्या मोहिमेत बाजीराव जालना, सिंदखेडकडून माहूर, मंगरूळपीर, वाशीम असा फिरला. आमच्या फाट्यावर उभं राहिलं तर एक रस्ता हिंगोलीवरून वाशीमला जातो, दुसरा उमरखेडकडून माहूरच्या अंगाला. वाशीमकडून बऱ्हाणपुरावर जाण्याची हूल देऊन बाजीराव गुजरातेत उतरला. निजाम पुण्यात शिरला, पण बाजीराव औरंगाबादेकडे वळताच त्याला माघारी पळावं लागलं. गोदावरी ओलांडताना त्यानं जड तोफा मागे ठेवल्या आणि २८ फेब्रुवारी १७२८ ला वैजापूरजवळच्या पालखेडला तो असा कोंडला गेला, की पाणीही मिळेना. ६ मार्चला मुंगी शेवगावचा तह झाला.

यात बारगिराचा वार कितीचा होता, याला काय महत्त्व? म्हणून मी खेळातला साधा लाइट कॅव्हलरी घेतला: एचपी ६०, वार ७, वेग १.५, किंमत ८० धान्य. नाइटला मारायला त्याला २० वार लागतात, नाइटला तो ६ वारांत सापडतो. हे आकडे मी तसेच ठेवले. बळ दुसरीकडून आणायचं होतं, आणि ते मला सभासदाच्या बखरीत सापडलं. शिवाजी महाराजांच्या पागेची घडी सांगताना तो पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद सांगतो. घोड्याचं पाणी आणि घोड्याचा खूर, दोन्हींची नेमणूक फौजेच्या हिशेबातच. युद्धाच्या कुठल्याही खेळात पखालजीचं कार्ड मी पाहिलेलं नाही.

म्हणून पखालजी मी ट्रिगरमध्ये, म्हणजे एडिटरमधल्या आपोआप चालणाऱ्या नियमात, घातला. नदीकाठ आणि विहिरींभोवतीची जागा सोडून जो कुणी उभा असेल त्याचे एचपी ठरावीक वेळानं थोडे थोडे गळतात. नियम दोन्ही फौजांना एकच. हा आकडा बसवणं हेच खरं नाजूक काम: जास्त ठेवला तर लढाईआधीच सगळे मरतात, कमी ठेवला तर कुणी पाण्याकडे ढुंकून बघत नाही. निजामाकडे मी बॉम्बार्ड कॅनन दिल्या. पल्ला १२, नकाशावर त्यांच्याइतकं जबर काही नाही. पण वेग ०.७, म्हणजे बारगिराच्या निम्म्याहूनही कमी. निजाम खेळणाऱ्याला गोदेच्या काठावर ठरवावंच लागतं, तोफा धरायच्या की पाणी गाठायचं. मराठे खेळणारा हुशार असेल तर तो तलवार उपसत नाही, विहिरी धरून बसतो.

“दादा, पण लढाई कुठंय?” एकानं विचारलं. मी त्याला निजाम खेळायला बसवलं. थोड्या वेळानं तो तोफांवर जीव टाकणं सोडून नकाशावर पाणी शोधायला लागला.

आता उदगीर मांडायला घेतलंय. ३ फेब्रुवारी १७६० च्या त्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मराठ्यांच्या बाजूनं होत्या. तिथं ०.७ चा वेग आपल्या वाट्याला येईल, आणि तो वाढवायचा नाही असं मी ठरवलंय. त्यानंतर पानिपत. अब्दालीनं रसद तोडल्यावर भाऊंच्या गोटात माणसं आणि जनावरं उपाशी पडली, म्हणून पालखेडला निजामाला जाळणारा ट्रिगर तिथं भाऊंच्या छावणीवर चालेल. पाण्याऐवजी चारा आणि धान्य, एवढाच बदल. एचपी किती वेळानं गळावेत, एवढं अजून बसत नाहीये.