मोरपंखी रंगाची खातरजमा

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात घाटकोपरच्या एका विवाहाची छायाचित्रे मी काढली, मुलुंडच्या माझ्या खोलीत रात्री जागून लॅपटॉपवर ती सिद्ध केली, आणि अल्बम छापून हाती आला तेव्हा वधूची मोरपंखी पैठणी, जिच्यात निळा ताणा आणि हिरवा बाणा चालता-चालता एकमेकांना उजळीत होते, ती शेवाळलेली नि काळवंडलेली पाहून मन खिन्न झाले. छापखान्याकडे काही दोष नव्हता. माझा पडदाच वाजवीपेक्षा फार उजळ असल्यामुळे मी प्रत्येक छायाचित्र विनाकारण गडद करीत गेलो होतो. वधूच्या आई एवढेच म्हणाल्या, "फोटो छान आहेत हो, पण साडी ही नव्हे." आणि आत जाऊन त्यांनी ब्लाउजपीसचा वीतभर उरलेला तुकडा माझ्या हाती दिला.

बहुतेक पडदे 1996 साली मांडलेल्या एसआरजीबी या वर्णमर्यादेत वावरतात. परंतु निळ्या-हिरव्याच्या सीमेवरील काही गडद तेजस्वी छटा, छपाईच्या सायन शाईसकट, त्या मर्यादेबाहेर पडतात. 1998 च्या अ‍ॅडोबी आरजीबीचा विस्तार नेमका त्याच दिशेला आहे.

तो तुकडा खिशात ठेवून दादरला गाडी बदलून मी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे सरकारदप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दुकाने हिंडलो. सर्वत्र मॉनिटर पूर्ण उजेडावर लावलेले, त्यांवर समुद्राचे भडक देखावे चाललेले. एका दुकानदाराने मात्र माझा लॅपटॉप जोडू दिला, उजेड खाली आणला, आणि मी तुकडा दाराशी दिवसाच्या प्रकाशात नेऊन पाही व परत येऊन पडदा पाही तोवर न कंटाळता उभा राहिला. पहिल्या पडद्यावर पदरातील मोराची मान आणि पाठ एकाच रंगाची दिसली; दुसऱ्यावर त्या वेगळ्या झाल्या, पण बाजूस सरताच करडा रंग पिवळट पडला. तिसरा, 27 इंची, 2560 बाय 1440 बिंदूंचा, आयपीएस जातीचा, कुठूनही पाहिला तरी ढळला नाही. एझोचे नामांकित पडदे माझ्या ऐपतीबाहेरचे होते. हाच घेतला, आणि त्याच फेरीत रंग मोजण्याचे कॅलिब्रेटर यंत्रही घेतले, कारण त्याविना उत्तम पडद्यावरही विसंबता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता अर्धा तास पडदा तापू दिल्यावर यंत्र त्यावर टेकवून मी शुभ्रता 6500 केल्व्हिन आणि उजेड प्रतिचौरसमीटर 120 कँडेला ठरवितो; महिन्याकाठी ही मोजणी पुन्हा करतो, कारण पडद्याचा रंग कालांतराने सरकतो. खिडकीला करडा पडदा लावला आहे, बाहेरच्या पोपटी भिंतीची झाक कामावर पडू नये म्हणून.

तो अल्बम स्वखर्चाने नव्याने छापून मी घाटकोपरला पोहोचता केला, आणि वीतभर तुकडाही त्यासोबत परत दिला.