दोन तारांपलीकडचे घड्याळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या वडिलांनी एकाच दिवशी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली. दोष त्यांचा नव्हता, आमचा होता. गोळीच्या वेळी घंटी वाजावी म्हणून पत्त्याच्या पानाएवढ्या एका संगणकावर आम्हीच एक यंत्र बांधून त्यांच्या उशाशी ठेवले होते. सकाळी आठला घंटी वाजली, बाबांनी गोळी घेतली. साडेआठला वीज गेली, ती अकराला आली. त्या संगणकाला स्वतःचे घड्याळ नाही. इंटरनेट बंद असल्यामुळे त्याने शेवटची नोंदलेली, आठच्याही आधीची वेळ खरी मानली आणि पाऊण तासाने पुन्हा आठची घंटी वाजवली. बाबांनी निमूटपणे दुसरी गोळी घेतली. दिवसभर त्यांना गरगरत होते. सांगितले मात्र संध्याकाळी, तेही विचारल्यावर.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आणली. तिला स्वतःचा बटन सेल असतो. चार तारा जोडल्या : दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. बोलण्याच्या या दोन तारांची वाट म्हणजे आय-टू-सी बस. फिलिप्स कंपनीने ती 1982 साली सिद्ध केली. तारा जोडल्या, संगणक सुरू केला. पण लिनक्सच्या लेखी घड्याळ नव्हतेच!

कारण शोधता शोधता आम्हास एक मौज कळली. यूएसबी किंवा पीसीआय या वाटांवरची उपकरणे विचारताच आपला निर्माता नि आपली जात सांगतात. आय-टू-सीवरचे उपकरण तसे काही सांगत नाही. त्याचा क्रमांक पुकारला तर ते केवळ हुंकार देते. आमच्या चिपचा क्रमांक 68 (सोळाच्या पायावरचा). परंतु याच क्रमांकावर हालचाल मोजणारी एक चिपही ओ देते. हुंकारावरून माणूस कसा ओळखावा?

म्हणून कर्नलला आधीच लिहून द्यावे लागते. या लेखी वर्णनाला डिव्हाइस ट्री म्हणतात. त्याची कल्पना ओपन फर्मवेअरमधून आली. त्याचे प्रमाण 1994 साली ठरले. पूर्वी एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्या मूळ संहितेतच कोंबली जाई. 2011 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा एआरएमची मंडळीही या वृक्षाकडे वळली.

वृक्षाची रचना वंशावळीसारखी असते. प्रोसेसर आमच्या घड्याळाशी थेट बोलू शकत नाही. मध्ये बसचा नियंत्रक असतो. म्हणून आधी नियंत्रकाची नोंद, तिच्या पोटात घड्याळाची. ‘कम्पॅटिबल’ या ओळीत चिपची ओळख, ‘रेग’ या ओळीत तिचा क्रमांक. हा क्रमांक त्या बसपुरताच खरा. दुसऱ्या बसवरचा 68 हा निराळाच कुणी असू शकतो.

आम्ही नोंद लिहिली, आणि घाईत 68 ऐवजी 69 लिहिले. कर्नलने आमच्यावर पूर्ण विश्वास टाकला. रिकाम्या दारावर त्याने हाक मारली, उत्तर आले नाही, आणि नोंदवहीत अपयशाची एक ओळ लिहून तो पुढे गेला. घड्याळ मात्र शेजारच्याच दारी हाकेची वाट पाहत टिकटिकत होते. एक आकडा सुधारताच ते सापडले. मग आम्ही मुद्दाम वीज तोडली, तासाभराने जोडली. वेळ अचूक होती.

त्या रात्री बाबांच्या उशाशी यंत्र ठेवताना आम्ही म्हटले, “बाबा, आता चुकणार नाही.” ते म्हणाले, “तुम्ही केलंय ना, मग ठीकच असेल.” त्या दोन गोळ्यांच्या दिवशीही त्यांनी असाच विश्वास टाकला होता.

तेव्हापासून आम्ही एक वही घातली आहे. कोणती गोळी, किती वाजता, कशाने गरगरते, डॉक्टर काय म्हणाले, सारे तीत लिहून ठेवतो. बाबा स्वतःहून काही सांगणाऱ्यांतले नाहीत. त्यांच्याविषयी दुसऱ्याला जे कळणार, ते आम्ही लिहू तेवढेच. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवतो.