मिटलेले पुस्तक

दिवाळीची सुट्टी लागली की सावनेरच्या अंगणाअंगणांतून किल्ले उभे राहू लागतात. शेतातली काळी माती, विटांचे तुकडे आणि एखादे जुने गोणपाट एवढे साहित्य या किल्लेदारांना पुरते. बुरुज चढतात, मोहरीच्या कोवळ्या अंकुरांनी डोंगर हिरवे होतात आणि मातीचे मावळे आपापल्या जागी पहाऱ्यास उभे राहतात. मग खरी लढाई जुंपते ती मुलांची. बांबूच्या कामट्यांच्या तलवारी बाहेर निघतात, पुठ्ठ्यांच्या ढाली पुढे सरसावतात. या लढाईचा एक नियम मोठा सोयीचा असतो : पडलेला वीर दहा अंक मोजून होताच पुन्हा उठतो. त्यामुळे या युद्धात कोणी मरत नाही आणि खरे पाहता कोणी हरतही नाही.

अशाच एका सैन्याचा बारा वर्षांचा सेनापती एके दिवशी संध्याकाळी ओसरीवर पुस्तक वाचीत बसला होता. पुस्तक पानिपतच्या लढाईचे होते. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस. दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून पडलेले, अन्नावाचून हैराण झालेले मराठी सैन्य निर्वाणीच्या लढाईसाठी बाहेर पडले होते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी शत्रूची दाणादाण उडविली, तेव्हा मुलाचे डोळे चमकले. परंतु दुपार कलली आणि अठरा वर्षांचा विश्वासराव गोळी लागून पडला. पाठोपाठ सदाशिवरावभाऊ घोड्यावर स्वार होऊन शत्रूच्या गर्दीत घुसले, ते पुन्हा दिसले नाहीत. मुलाने पुढचे पान उलटले नाही. त्याने पुस्तक मिटले आणि ते आजोबांच्या बैठकीपाशी नेऊन ठेवले.

"आबाजी, हे पुस्तक मला नको."

"का रे बेटा?"

"आपली माणसे हरली. हरलेल्यांची गोष्ट कशाला वाचायची?"

आजोबांनी पुस्तक हाती घेतले. पण ते लगेच काही बोलले नाहीत. अंगणातल्या किल्ल्याकडे पाहत ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी पानिपतची नव्हे, तर सावनेरचीच एक हकीकत सांगावयास आरंभ केला.

नागपुराहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोलार नदीच्या काठी वसलेल्या या गावात १९१९ च्या जानेवारी महिन्यात एक तरुण लेखक अंथरुणाला खिळून होता. क्षयाने त्याचे शरीर पोखरले होते. तो येथे आपल्या बंधूंच्या घरी आला होता. त्याचे नाव राम गणेश गडकरी. 'बाळकराम' या नावाने त्याने महाराष्ट्राला हसविले, 'गोविंदाग्रज' या नावाने कविता लिहिल्या, आणि नाटककार म्हणून तर त्याचे नाव घरोघरी पोहोचले. २३ जानेवारीला सावनेरातच त्याचे देहावसान झाले. तेव्हा त्याचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते.

"याच गडकऱ्यांनी पानिपतावर कविता लिहिली," आजोबा म्हणाले. "'पानपतचा फटका' हे तिचे नाव. मराठ्यांनी जिंकलेल्या लढायांची त्यांना काय वाण होती? तरी त्यांनी हरलेली लढाई निवडली. असे का केले असेल?"

मुलाला उत्तर सुचेना. आजोबा पुढे सांगू लागले. अखेरच्या आजारातही गडकऱ्यांची लेखणी थांबली नव्हती. 'भावबंधन' हे विनोदाने भरलेले नाटक त्यांनी मृत्यूपूर्वी थोडे दिवस आधी पुरे केले. स्वतःचा श्वास कष्टाने चालत असता दुसऱ्यांना हसविणारी वाक्ये लिहावयाची, ही काही लहान लढाई नव्हे. संभाजी महाराजांच्या काळावरील 'राजसंन्यास' हे त्यांचे नाटक मात्र अपुरेच राहिले. मृत्यूशी चाललेला तो सामना गडकरी हरले. पण म्हणून त्यांची गोष्ट कोणी मिटून ठेवली नाही. त्यांची नाटके त्यांच्यामागे रंगभूमीवर गाजत राहिली.

शौर्याच्या कथा लिहिणारे आणखी एक लेखक नाथमाधव. 'वीरधवल' ही त्यांची अद्भुतरम्य कादंबरी वाचताना मुलांना तहानभुकेचा विसर पडत असे. तरुणपणी ते शिकारीस गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. ज्यांना स्वतःला पाऊलही टाकता येत नव्हते, त्यांनी अंथरुणावर पडून आपल्या वीरांना घोड्यांवर बसविले आणि कडेकपारी ओलांडावयास लावल्या. वाचकाला मात्र त्या कथांत कोठेही हतबल माणसाचा सुस्कारा ऐकू येत नाही.

"पण आबाजी, हे तर लेखक झाले," मुलगा म्हणाला. "पानिपतात जे पडले ते पडलेच ना?"

"होय, ते पडलेच," आजोबा गंभीरपणे म्हणाले. "आणि ते विसरूही नये. तेथे केवळ सैनिकच नव्हते. सैन्याबरोबर यात्रेकरू होते, व्यापारी होते, बायकामुले होती. लढाई संपल्यावर त्यांची जी दैना झाली, ती वाचताना अंगावर काटा उभा राहतो. ज्या गोष्टीत तलवार नुसती चमकते आणि तिच्यामुळे कोणाच्या घरचा दिवा विझला हे सांगितले जात नाही, ती गोष्ट अर्धीच असते. परंतु तूही अर्धीच वाचलीस. पुढचे पान उलट."

मुलाने पुस्तक पुन्हा उघडले. पुत्राच्या आणि भावाच्या दुःखाने नानासाहेब पेशवे त्याच वर्षी कालवश झाले, हे त्याने वाचले. त्यांच्यामागे विश्वासरावाचा धाकटा भाऊ माधवराव पेशवा झाला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. घरात भाऊबंदकी, खजिन्यात कर्ज आणि दाराशी निजाम. अशा स्थितीत त्या मुलाने कारभार हाती घेतला आणि १७६३ मध्ये राक्षसभुवनाच्या लढाईत निजामाचा पराभव केला. पानिपतच्या रणातून एक सरदार पायाला जबर जखम होऊन वाचला होता. तो जन्मभर लंगडत चालला. पण चालत राहिला. ते महादजी शिंदे. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या, तेव्हा महादजी त्यांच्यात होते. पुढल्याच वर्षी थेऊर येथे माधवराव निवर्तले. त्यांचे वय सत्तावीस होते आणि त्यांनाही क्षयानेच गाठले होते.

मुलगा शेवटच्या पानापर्यंत वाचीत गेला. आईने जेवावयास दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही. पुस्तक संपले तेव्हा त्याने विचारले,

"आबाजी, पानिपतानंतर पुन्हा दिल्लीला जायला किती वर्षे लागली?"

"तूच मोज."

मुलाने बोटांवर मोजले. "दहा!"

आजोबा हसले. "तुमच्या खेळात पडलेला वीर दहा अंकांत उठतो. खऱ्या लढाईत पडलेला उठत नाही, बेटा. त्याचे काम उचलण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी उठावे लागते, आणि त्याला दहा वर्षेही लागतात. पराक्रमाची गोष्ट वाचावयाची ती एवढ्यासाठी."

त्या रात्री कोणा मांजराने अंगणातल्या किल्ल्याचा एक बुरुज ढासळून टाकला. सकाळी सैन्य जमले. कोणी मांजरावर चिडले, तर कोणी म्हणाले, आता नवा किल्ला कोण बांधणार! सेनापती काही बोलला नाही. त्याने पडलेले मावळे उचलून ओळीने बाजूस ठेवले, घमेलेभर ओली माती आणली आणि तो ढासळलेल्या बुरुजापाशी गुडघे टेकून बसला.